पार्किन्सन्सचं निदान रक्त तपासून होतं का? बाबांसाठी विचारतेय

तगर

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज स्वतःच धागा काढतेय कारण घरात रोज ह्याच विषयावरून वाद चाललेत. बाबा ६६ वर्षांचे, नाशिकला असतात. गेल्या दिवाळीपासून उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं बसल्या जागी थरथरतात, हात कामाला लागला की थांबतं. चालताना उजवा हात हलत नाही, लिहायला बसले की ओळीच्या शेवटापर्यंत अक्षर बारीक बारीक होत जातं. वास तर त्यांना त्याच्याही आधीपासून येत नाही.

न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी हातपाय वाकवून बघितले, बोटं भराभर आपटायला लावली, कॉरिडॉरमध्ये चालवून बघितलं आणि म्हणाले पार्किन्सन्स वाटतोय, गोळ्या सुरू करू आणि तीन महिन्यांनी परत या. दादाला हे अजिबात पटलेलं नाही. त्याचं म्हणणं 'वाटतोय' म्हणजे काय, शुगरचा आकडा येतो, थायरॉइडचा येतो, मग एवढ्या मोठ्या आजाराचं निदान नुसतं बघून कसं करतात? त्यात त्याला व्हॉट्सॅपवर बातमी आली, 'रक्ताच्या थेंबातून सात वर्षं आधी पार्किन्सन्स कळणार'. आणि घरी रक्त न्यायला येणाऱ्या एका लॅबच्या माणसाने सांगितलं की आमच्याकडे न्यूरोचं पॅनल आहे, त्यात एनएफएल म्हणून तपासणी असते, करून घ्या म्हणजे शंका फिटेल. पैसे बरेच आहेत, पण प्रश्न पैशाचा नाही. खरंच अशी टेस्ट आहे का? असेल तर डॉक्टरांनी का नाही सांगितली?

वाळुंज

ती बातमी आमच्याही ग्रुपवर आली होती. माझ्या मामांना पार्किन्सन्स आहे, मामी लगेच म्हणाली आपल्या मुलांची करून घेऊ. जाणकारांनी लिहा, वाचतोय.

तळटीप

तगरताई, मी परदेशात एका प्रयोगशाळेत रक्तातली आणि पाठीच्या पाण्यातली (मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी, पाठीतून सुईने काढतात ते) प्रथिनं मोजायचं काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांना काय झालंय ह्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, टेस्टबद्दल मात्र लिहितो, आणि जरा सविस्तर लिहितो कारण हे अर्धवट कळलं की लोकांचे पैसेही जातात आणि झोपही.

आधी ती सात वर्षांची बातमी. ती खोटी नाही. २०२४ मध्ये लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज आणि जर्मनीतलं ग्योटिंगेन ह्यांनी मिळून ते काम 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापलं. रक्तातली आठ प्रथिनं मोजायची आणि त्यांचा एकत्रित नमुना मशीन लर्निंगने ओळखायचा. त्यांनी ७२ अशा लोकांचं रक्त तपासलं ज्यांना झोपेचा एक विशिष्ट विकार आहे, स्वप्नात जे चाललंय तसे खरेखुरे हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारच्याला ठोसा बसणं. त्यातल्या ७९ टक्के लोकांचा नमुना पार्किन्सन्सच्या रुग्णांसारखा आला, आणि पुढे ज्या १६ जणांना आजार झाला त्यांना ह्या टेस्टने आधीच ओळखलं होतं, काहींना सात वर्षं आधी. काम चांगलंच आहे. पण माणसं मोजकी, आणि तीही आधीच जास्त धोका असलेली. तिथून तुमच्या आमच्या गल्लीतल्या लॅबपर्यंत यायला हजारो लोकांवर, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या मशीनवर तेच उत्तर यावं लागतं.

आता मूळ अडचण. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीच्या घडीत दुमडून साठतं. फ्रेडरिक लेवी ह्यांनी १९१२ मध्ये ज्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या त्या ह्याच प्रथिनाच्या असतात हे १९९७ मध्ये कळलं. तेव्हापासून सगळ्यांच्या मनात साहजिक विचार, की हे प्रथिन रक्तात मोजलं की झालं! पण रक्तातलं ९९ टक्क्यांहून जास्त सायन्युक्लिन लाल पेशींत असतं, तिथे ते निरोगी माणसातही असतं, त्याचा मेंदूतल्या बिघाडाशी संबंध नाही. रक्त घेताना सुई जरा वेडीवाकडी लागली, नळी जोरात हलवली, थोड्या लाल पेशी फुटल्या, की आकडा वर जातो. म्हणून नुसतं प्रमाण मोजण्याचे वर्षानुवर्षांचे प्रयत्न एकमेकांशी जुळलेच नाहीत, एका अभ्यासात वाढलेलं, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात सारखंच.

मग वेगळी युक्ती निघाली. किती आहे हे सोडा, चुकीच्या घडीचं एखादं बीज आहे का तेवढं बघा. ह्याला सीड अॅम्प्लिफिकेशन म्हणतात. विरजणासारखं आहे हे. नळीत चांगलं सायन्युक्लिन भरपूर घालायचं (ते दूध), त्यात रुग्णाच्या पाठीच्या पाण्याचा थेंब टाकायचा, नळी हलवत ठेवायची. थेंबात चुकीच्या घडीचं बीज असेल तर ते सगळ्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखं करत सुटतं, आणि एक चमकणारा रंग घातलेला असतो तो उजळतो. बीज नसेल तर काही होत नाही.

ह्याचा सगळ्यात मोठा अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आला, पीपीएमआय नावाच्या प्रकल्पातून, मायकल जे. फॉक्स फाउंडेशन तो २०१० पासून चालवतंय. ११२३ लोक. पार्किन्सन्सच्या रुग्णांत ८७.७ टक्के टेस्ट पॉझिटिव्ह, आणि निरोगी लोकांत ९६.३ टक्के निगेटिव्ह. ज्यांचा वास गेलाय आणि आजार आनुवंशिक नाही त्यांच्यात तर ९८.६ टक्के पॉझिटिव्ह. वास शाबूत असलेल्यांत मात्र ७८.३ टक्केच. हे आकडे बघून आम्ही लॅबमधली माणसं हरखून गेलो होतो, खरंच. पण लक्षात घ्या, हे पाठीच्या पाण्यातलं आहे, रक्तातलं नाही.

रक्तात हीच बीजं शोधायचं काम जपानमध्ये टोकियोच्या जुंटेंडो विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं, त्याआधी २०२२ मध्ये जर्मनीत कीलच्या गटाने मेंदूच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या सूक्ष्म पिशव्या वेगळ्या काढून त्यांत दाखवलं. दोन्ही हुशारीची कामं. अडचण अशी की रक्तात बीजं अतिशय कमी आणि बीजाच्या वाढीला अडवणारी बाकीची प्रथिनं भरमसाट, त्यामुळे आधी बराच वेळ नमुना साफ करण्यातच जातो आणि तो साफ करण्याचा प्रत्येकाचा मार्ग वेगळा. नेहमीच्या लॅबमध्ये रोज शंभर नमुने लावता येतील अशी ही गोष्ट अजून झालेली नाही.

एनएफएलचं वेगळं लिहितो, बसची वेळ झाली.

कोयनाकाठ

तळटीप, उत्तम लिहिलंत. मी कराडला बरीच वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस केली, आता निवृत्त आहे.

तगरताई, तुमच्या डॉक्टरांनी नुसतं बघून सांगितलं असं दादांना वाटतंय, पण ते 'बघणं' हीच आजही मुख्य तपासणी आहे. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत हालचालीतला मंदपणा असायलाच हवा, आणि त्याच्या जोडीला बसल्या जागचा कंप किंवा ताठरपणा. बोटं आपटायला लावतात ते मंदपणा बघायला, आपटता आपटता फटका लहान होत जातो का ते डोळ्यांना दिसतं. हात धरून फिरवतात ते ताठरपणासाठी. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, गोळी देऊन तीन महिन्यांनी बोलावतात त्यातही निदानाचाच भाग आहे, गोळीने ठळक फरक पडला तर पार्किन्सन्सच्या बाजूने मोठा पुरावा.

आणि रक्ततपासणीच्या आधी एक काम सगळ्यांनी करा, जे फुकट आहे. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. आपल्याकडे अॅसिडिटीच्या गोळीत पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं, लोक ती गोळी वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने दुकानातून आणून खातात. चक्करेसाठी सिनारिझिन, मायग्रेनसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारांची काही औषधं. ही सगळी डोपामिनचा, म्हणजे मेंदूत हालचालींसाठी लागणाऱ्या रसायनाचा, रस्ता अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं आणतात. गोळी थांबवली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकांचं ओसरतं. पण कृपया स्वतःहून एकदम बंद करू नका, विशेषतः मानसिक आजाराची औषधं. डॉक्टरांना विचारून.

तगर

कोयनाकाठ काका, धन्यवाद. आत्ताच आईला फोन केला, तिने सगळी पाकिटं वाचून दाखवली. बाबांना बीपीची एक गोळी आणि कॅल्शियम, बाकी काही नाही. अॅसिडिटीची साधी गोळी कधीतरी, त्यात हे दुसरं औषध नाहीये.

तळटीप, वास गेलेला असणं ह्याला एवढं महत्त्व असतं हे डॉक्टरांना सांगायचं राहिलंय, पुढच्या वेळी सांगते. एनएफएलचं वाचायला थांबलेय.

शेवगा

मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, वैद्यकातलं मला कळत नाही, पण वाळुंज ह्यांच्या मामींनी मुलांची टेस्ट करायचं म्हटलं त्यावर राहवलं नाही.

समजा उद्या एक रक्ताची टेस्ट आली, आजार असलेल्या १०० पैकी ९० जणांना पकडते आणि निरोगी १०० पैकी ९० जणांना बरोबर निरोगी सांगते. ऐकायला ९० टक्के अचूक, झकास. आता साठीच्या पुढचे कोणतेही १००० लोक घ्या. ह्या वयात पार्किन्सन्स साधारण शंभरात एकाला, म्हणजे १० जणांना आजार आहे. टेस्ट त्यातल्या ९ जणांना पकडेल. उरलेले ९९० निरोगी, त्यातल्या दहा टक्क्यांना म्हणजे ९९ जणांना चुकून पॉझिटिव्ह सांगेल. एकूण १०८ पॉझिटिव्ह, त्यात खरे ९. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन घरी रडत बसलेल्या बारा घरांपैकी अकरा घरांत आजारच नाही.

तीच टेस्ट न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात लावा. तिथे कंप म्हणून आलेल्या १००० पैकी, समजा, ७०० ना खरंच पार्किन्सन्स आहे. टेस्ट ६३० पकडेल, उरलेल्या ३०० पैकी ३० चुकीचे पॉझिटिव्ह. ६६० पॉझिटिव्हपैकी ६३० खरे, ९५ टक्के! टेस्ट तीच, मशीन तेच, फक्त ती कुणावर लावली ते बदललं. म्हणून डॉक्टरांनी आधी बघून मग टेस्ट आणि सरसकट सगळ्यांची टेस्ट ह्यात जमीनअस्मानाचा फरक आहे आणि पॅनल विकणारे हे कधीच सांगत नाहीत. ह्याचा मला फार राग येतो.

वाळुंज

शेवगाताई, हे मामीला जसंच्या तसं वाचून दाखवतो. मुलांची टेस्ट रद्द.

मुळामुठा

सगळं वाचलं. आकडेवारी पटली, तरी मला दुसरी बाजू लिहायचीय.

माझ्या आईला पुण्यात पार्किन्सन्स म्हणून निदान झालं. गोळ्या वाढवत गेले, फरक शून्य. पहिल्या वर्षातच ती मागच्या मागे पडायला लागली, नुसती उभी असताना, कुणी ढकलल्यासारखी. पुढे जिना उतरताना खालची पायरी दिसेना, डोळे खाली वळतच नव्हते. मग कळलं हा पार्किन्सन्स नाही, त्याच्यासारखाच दिसणारा पीएसपी नावाचा दुसरा आजार आहे. तोपर्यंत बराच काळ गेला होता. पीएसपीवर इलाज नाही हे मला कळतं, पण आधी कळलं असतं तर घराची रचना बदलली असती, तिला एकटं सोडलं नसतं, खुब्याचं हाड मोडलं नसतं, आणि तिला जे जे बोलायचं होतं ते आवाज जाण्याआधी बोलून घेतलं असतं. म्हणून कुणी म्हटलं की इलाज नाही तर टेस्ट कशाला, तर मला ते सहन होत नाही. नाव कळणं हीसुद्धा मदत असते.

तळटीप, एनएफएल पीएसपीत वाढतं असं मी वाचलं होतं, खरं आहे का ते?

तळटीप

मुळामुठा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. हो, खरं आहे, आणि एनएफएलचा खरा उपयोग तुम्ही म्हणताय तिथेच आहे.

एनएफएल म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट चेन, मज्जापेशींच्या लांब तारांच्या आतल्या सांगाड्याचा एक तुकडा. तार तुटली की तो सुटतो, पाठीच्या पाण्यात येतो, तिथून अगदी थोडा रक्तात. रक्तात इतका कमी की आधी मोजताच येत नव्हता, सिमोआसारखी अतिसूक्ष्म मोजणारी मशीन आल्यावर शक्य झालं. २०१७ मध्ये स्वीडनच्या लुंड आणि लंडनच्या रुग्णांवर मिळून एक अभ्यास आला. पार्किन्सन्समध्ये रक्तातलं एनएफएल जवळजवळ निरोगी माणसाइतकंच असतं, पण पीएसपी, एमएसए आणि सीबीडी ह्या पार्किन्सन्ससारख्या दिसणाऱ्या आजारांत ते चांगलंच वाढलेलं असतं, कारण तिथे पेशी फार झपाट्याने मरतात. तेव्हा 'हा साधा पार्किन्सन्स की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार' ह्या प्रश्नाला एनएफएल मदत करू शकतं, आणि रक्तातल्या बायोमार्करांत (आजाराची खूण सांगणाऱ्या पदार्थांत) ह्या प्रश्नापुरतं तेच सगळ्यात भरवशाचं आहे.

पण तगरताई, तुमच्या दादाचा प्रश्न वेगळा आहे. पार्किन्सन्स आहे की नाही हे एनएफएल सांगतच नाही! नॉर्मल आलं तर पार्किन्सन्स नाही असं होत नाही, उलट पार्किन्सन्समध्ये ते नॉर्मलच्या आसपास असणं अपेक्षित आहे. आणि वाढलेलं आलं तर कारणं ढीगभर. वय वाढलं की वाढतं. डायबेटिसने पायाच्या नसा गेल्या असतील तरी वाढतं, किडनी कमी चालत असेल तर, पक्षाघातानंतर, डोक्याला मार बसल्यावर, मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये, एएलएस ह्या स्नायू दुबळे होत जाणाऱ्या आजारात तर खूपच. वजन जास्त असलेल्यांत थोडं कमी दिसतं. म्हणजे नाशिकच्या घरात तो कागद आला असता तर शंका फिटायच्या ऐवजी आणखी दोन नवीन शंका आल्या असत्या. त्या लॅबच्या माणसाने शंका फिटेल असं सांगायला नको होतं.

कोयनाकाठ

मुळामुठाताई, तुमच्या आईंची लक्षणं तुम्ही लिहिलीत त्याचा इथल्या अनेकांना उपयोग होईल म्हणून भर घालतो. पहिल्या तीन वर्षांत वारंवार पडणं, नजर खाली न वळणं, गोळीला प्रतिसाद नसणं, उभं राहिल्यावर बीपी एकदम कोसळणं, लघवीवरचा ताबा लवकर जाणं, ह्यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना परत निदानाकडे बघायला सांगा. सांगायला संकोच करू नका, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

निदान चुकतं हे आमच्या लोकांनी स्वतःच मोजून मांडलंय. अमेरिकेत अॅरिझोनात मृत्यूनंतर मेंदू तपासून २०१४ मध्ये आकडे दिले. आजाराला पाच वर्षं व्हायच्या आत, औषधाला प्रतिसाद देणाऱ्यांत पार्किन्सन्सचं निदान ५३ टक्केच बरोबर निघालं, पाच वर्षांनंतर ८५ टक्क्यांच्या वर. म्हणजे दादांचा 'वाटतोय म्हणजे काय' हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर एवढंच की आज त्यावर उपाय दर काही महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे जाऊन परत परत तपासून घेणं हाच आहे. फारच संशय असेल तर पुण्यामुंबईत ट्रोडॅट स्कॅन होतो, त्यात डोपामिनच्या पेशींची टोकं किती शिल्लक आहेत ते दिसतं. औषधाने आलेला कंप किंवा साधा आनुवंशिक कंप असेल तर स्कॅन नॉर्मल येतो. पण पार्किन्सन्स की पीएसपी की एमएसए हे त्यातूनही वेगळं करता येत नाही.

अवांतर: चाळिशीच्या आतल्या मुलामुलीला कंप, बोबडेपणा असं काही असेल तर सेरुलोप्लाझमिन जरूर करा, ती जुनी, स्वस्त रक्ततपासणी आहे. विल्सनचा आजार (शरीरात तांबं साठतं तो) निघाला तर त्यावर औषध आहे आणि वेळेत दिलं तर मूल सावरतं. हालचालींच्या आजारांत रक्ताने खरंच आयुष्य वाचतं अशी ही जागा, आणि नेमकी हीच विसरली जाते.

बंदरकाठ

रत्नागिरीहून. मी स्वतः त्या झोपेच्या विकाराचा माणूस आहे, वय ५८. बायकोला दोनदा लागलं तेव्हा मुंबईला जाऊन रात्रभराची तपासणी केली, आरबीडी निघाला. तेव्हापासून नेटवर वाचत बसतो. मला विचारायचंय, टेस्ट आलीच तर माझ्यासारख्याने करावी का? आत्ता मला काहीच त्रास नाही, होडी चालवतो, सगळं करतो.

नीलमोहर

बंदरकाठ, तुमचं तुम्ही ठरवा, पण माझं मत सांगते. मला कळूनच नको. आजार थांबवणारं औषध नसताना सात वर्षं आधी कळून मी काय करू, सात वर्षं आधीपासून आजारी होऊ? रोज चहाचा कप उचलताना हाताकडे बघत बसायचं. त्यात विमा कंपनीला काय सांगायचं, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत काय सांगायचं. आपल्याकडे ह्या गोष्टी झाकून ठेवल्या जातात ते काही उगाच नाही.

मुळामुठा

नीलमोहर, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही, पण झाकून ठेवण्याशी असहमत. आमच्याकडेही वर्षभर नातेवाइकांना सांगितलं नव्हतं, आई घरातच बसून राहिली. नंतर पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात जायला लागलो तेव्हा ती पहिल्यांदा चारचौघांत हसली.

तळटीप

बंदरकाठ, तुम्ही इतकं मोकळेपणाने विचारलंत म्हणून जे छापून आलंय ते सरळ सांगतो. २०१९ मध्ये २४ केंद्रांतल्या १२८० आरबीडी रुग्णांचा मोठा अभ्यास आला. दरवर्षी साधारण ६.३ टक्के लोकांना पार्किन्सन्स, लेवी बॉडी डिमेन्शिया किंवा एमएसए ह्यांपैकी काहीतरी होतं, बारा वर्षांत ७३.५ टक्के. आकडा मोठा आहे. पण त्याच्याच आत हेही आहे की बारा वर्षांनंतरही चारातल्या एकाला काही झालेलं नव्हतं, आणि दर वर्षी शंभरातले त्र्याण्णवच्या वर आहे तसेच राहिले.

आज तुम्ही कुठल्याही लॅबमध्ये जाऊन रक्ताची टेस्ट केलीत तर त्यातून तुमच्या आयुष्यात एकही निर्णय बदलणार नाही, म्हणून करू नका असंच म्हणेन. पण जगात आजार सुरू होण्याआधी थांबवायची औषधं तपासायची असतील तर ती तुमच्यासारख्या लोकांवरच तपासली जाणार. आत्तापर्यंत बरीच औषधं फसली त्याचं एक कारण हेच मानतात की लक्षणं दिसेपर्यंत डोपामिनच्या निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात, फार उशीर झालेला असतो. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टकडे वर्षातून एकदा जात राहा, व्यायाम सोडू नका, होडी चालवत राहा, आणि रात्री पलंगाशेजारी काचेचं, धारदार काही ठेवू नका.

वाळुंज

एक शंका. हंटिंग्टन नावाच्या आजाराला रक्ताची टेस्ट असते आणि ती शंभर टक्के असते असं ऐकलं. तोही मेंदूचाच, हालचालींचाच आजार. मग पार्किन्सन्सला का जमत नाही?

तळटीप

चांगली शंका. हंटिंग्टन एकाच जनुकातल्या एकाच बिघाडाने होतो, तो जनुक १९९३ मध्ये सापडला. त्यात सीएजी ही तीन अक्षरं किती वेळा लागोपाठ येतात ते मोजायचं, ४० किंवा जास्त असतील तर आजार होणारच. तिथे रक्त फक्त डीएनए मिळवायला लागतं, मेंदूत काय चाललंय ते रक्तात शोधावं लागत नाही. पार्किन्सन्स बहुतेकांत असा एका जनुकाचा नसतो. पाश्चात्त्य देशांत एलआरआरके२ ह्या जनुकातला जो बदल वारंवार सापडतो तो भारतीय रुग्णांत फार दुर्मीळ आहे, त्यामुळे तिकडचं जनुकांचं पॅनल इकडे लावून निगेटिव्ह आलं तर त्याचा अर्थ जवळजवळ काहीच नाही. भारतातल्या रुग्णांचे जनुक शोधायला जीएपी-इंडिया नावाचा प्रकल्प चालू आहे, १०,००० रुग्ण आणि १०,००० निरोगी माणसं असं त्यांचं लक्ष्य आहे. मला स्वतःला हे काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आत्ता आपण ज्या ज्या आकड्यांवर बोलतोय ते जवळपास सगळे युरोप, अमेरिका, जपानच्या रक्ताचे आहेत. साताऱ्याच्या किंवा अकोल्याच्या माणसात नॉर्मल किती हे कुणी मोजलंय?

आणि अल्झायमरचं उदाहरण देतो म्हणजे आशाही कळेल. तिथेही दहा वर्षांपूर्वी हीच परिस्थिती होती. मग पी-टाऊ२१७ हे प्रथिन हाती लागलं आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए ह्या औषध नियामक संस्थेने त्यावर आधारलेल्या रक्ततपासणीला मान्यता दिली, तीही विसराळूपणाची लक्षणं असलेल्या, तज्ज्ञाकडे आलेल्या लोकांसाठी. शेवगाताईंनी मांडलेलं गणित तिथे पाळलंय. पार्किन्सन्सचा असा रक्तातला भरवशाचा एक मार्कर अजून मान्य झालेला नाही, पण रस्ता तोच आहे.

तगर

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला बसवून धागा वाचायला लावला. पॅनल करायचं नाही असं ठरलंय, तो म्हणाला निदान कुणीतरी 'का' ते सांगितलं. बाबांच्या लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्यात, त्यात कार्बिडोपा पण आहे, सकाळी मळमळतं बाकी ठीक. दादाचे दोन प्रश्न आहेत. एक, डीडीसी नावाची नवीन रक्ताची टेस्ट त्याने कुठेतरी वाचली, ती उद्या आलीच तर गोळ्या चालू असताना करता येईल का? आणि दोन, बाबा स्वतः म्हणतायत माझं रक्त कुणाला संशोधनासाठी हवं असेल तर मी देतो, तसं देता येतं का?

तळटीप

पहिल्याचं उत्तर, अवघड आहे. डीडीसी हे एन्झाइम लेव्होडोपाचं डोपामिन करतं. लुंडच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की पार्किन्सन्स आणि लेवी बॉडीच्या आजारांत ते पाठीच्या पाण्यात आणि रक्तातही वाढलेलं असतं. पण बाबांच्या गोळीतला कार्बिडोपा ह्याच एन्झाइमला शरीरात अडवतो, आणि अडवलं की शरीर ते जास्त बनवायला लागतं. म्हणजे गोळ्या घेणाऱ्याचं डीडीसी गोळीमुळेच वाढलेलं दिसणार. ही तपासणी उपयोगी पडली तर गोळी सुरू व्हायच्या आधीच्या लोकांना पडेल. शिवाय पीएसपी, एमएसएमध्येही ते वाढतं, त्यामुळे एकट्याने नाही, बाकीच्यांच्या जोडीने.

दुसऱ्याचं उत्तर आनंदाने देतो. हो, देता येतं. मोठ्या शहरांतल्या शिक्षणसंस्थांशी जोडलेल्या न्यूरॉलॉजी विभागांत असे अभ्यास चालू असतात. तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा की आमची संशोधनाला नमुना द्यायची तयारी आहे, कुठे पाठवाल. तिथे संमतीपत्र मराठीत मागा, नीट वाचा, नाव गुप्त राहणार का, नमुना किती वर्षं ठेवणार, रिपोर्ट आपल्याला कळणार का हे सगळं विचारा, आणि मध्येच माघार घ्यायचा हक्क आहे हे लक्षात ठेवा. पैसे द्यावे लागत असतील तर ते संशोधन नाही, टेस्ट विकणं आहे, तिथून उठून या. बंगळुरूला निम्हान्स ह्या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत १९९५ पासून मेंदूंची पेढीही आहे, मृत्यूनंतर मेंदूदानासाठी, हे बाबांशी आत्ताच बोलायची गरज नाही पण इथे वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

आणि आईंनाही सोबत न्या. अशा अभ्यासांना निरोगी माणसांचं रक्त मिळत नाही हे आमचं नेहमीचं रडगाणं आहे, आणि रुग्णाची बायको किंवा नवरा हा सगळ्यात चांगला जोडीदार नमुना असतो. साधारण तेच वय, तेच घर, तेच पाणी, तेच जेवण.

तगर

आई तयार आहे. विचारतेय उपाशी जायचं का.

तळटीप

प्रत्येक अभ्यासाचं वेगळं असतं, वेळ घेताना फोनवरच विचारून घ्या. आणि रक्त घेणाऱ्याला सांगा दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू नकोस, लाल पेशी फुटतात.